स्वतःच सही केलेली तडजोड भाडेकरू नाकारू शकतो का? नगीनदास रामदास खटल्याची गोष्ट

घरमालक आणि भाडेकरू वर्षानुवर्षं भांडतात, मग एके दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात समेट होतो. दोघे कागदावर सह्या करतात, न्यायाधीश त्यावरून हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाली हुकूम, देतात आणि भाडेकरूला जागा सोडायला काही वर्षांची मुदत मिळते. मुदत संपते, पण जागा काही सुटत नाही. घरमालक दरखास्त लावतो, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागतो. कब्जा वॉरंट निघायच्या बेतात असतं, तेव्हा भाडेकरू अर्ज देतो की हा हुकूमनामा मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने झालाच नसल्यासारखा आहे. सही माझीच आहे, मुदतही मी भोगली, पण कायद्यात बसणारं कारण कोर्टाने तपासलंच नव्हतं.

ऐकायला हा शुद्ध आडमुठेपणा वाटतो. घरमालकाच्या तोंडून तर ‘फसवणूक’ हाच शब्द निघतो. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ही तक्रार एकदा नव्हे, अनेकदा उचलून धरली आहे. ती कुठे टिकते आणि कुठे कोसळते हे समजून घ्यायचं तर नगीनदास रामदास विरुद्ध दलपतराम इच्छाराम हा 1973 चा निकाल नीट वाचायला हवा. खटला गुजरातमधला, पण कायदा आपलाच, म्हणजे मुंबईचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली तरी हा कायदा दोन्हीकडे राहिला. महाराष्ट्रात तो 31 मार्च 2000 रोजी नवा कायदा लागू होईपर्यंत चालला. म्हणून मुंबई-पुण्याच्या लघुवाद न्यायालयांत आजही हा निकाल सर्रास दाखवला जातो.

दाव्याची हकीकत अगदी नेहमीची आहे. घरमालकांनी कब्जासाठी दावा लावला आणि दोन कारणं दिली: भाडं थकलं आहे, आणि जागा स्वतःच्या वापरासाठी खरोखर हवी आहे. पुढे तडजोड झाली. कब्जा देण्याचं ठरलं, त्यासाठी मुदत ठरली आणि थकलेल्या रकमेचाही हिशेब कागदावर आला. कोर्टाने तडजोडीप्रमाणे हुकूमनामा केला. कब्जा मिळेना म्हणून घरमालकांनी दरखास्त लावली आणि भाडेकरू नगीनदासने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 47 खाली हरकत घेतली. उच्च न्यायालयात तो हरला, तेव्हा विशेष परवानगी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला.

त्याच्या हरकतीमागचा युक्तिवाद सोपा आणि भक्कम होता. भाडे नियंत्रण कायदा म्हणतो की ठरावीक कारणांपैकी एखादं आहे अशी कोर्टाची खात्री पटल्याशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. जुन्या कायद्यात ही कारणं कलम 12 आणि 13 मध्ये होती. हे संरक्षण सार्वजनिक धोरणाचा भाग आहे. भाडेकरूने ‘मला नको’ म्हटलं म्हणून ते संपत नाही, कारण जागेच्या टंचाईत त्याच्याकडून असं लिहून घेणं घरमालकाला मुळीच अवघड नसतं. थोडक्यात, पक्षकारांची संमती हे बेदखलीचं कारण होऊ शकत नाही. कारणाशिवाय झालेला हुकूमनामा अधिकाराबाहेरचा, आणि अधिकाराबाहेरच्या हुकूमनाम्याला दरखास्तीतही आव्हान देता येतं.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. भाडेकरूने जागा सोडून जाऊ नये असं कायद्यात कुठेही नाही. तो उद्या किल्ली देऊन निघून गेला, भाडेपट्टा सोडून दिला, तर त्याला कोणी अडवत नाही आणि त्यासाठी कोर्टाची खात्रीही लागत नाही. कायद्याने हात बांधले आहेत ते कोर्टाचे. भाडेकरू स्वतःहून जाणं वेगळं आणि कोर्टाने त्याला घालवणं वेगळं. सगळा वाद या दुसऱ्या गोष्टीचा आहे. तडजोडीत मात्र दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणूनच गोंधळ होतो.

नगीनदासच्या वकिलांच्या हातात सर्वोच्च न्यायालयाचेच तीन निकाल होते, तिन्ही दिल्लीच्या भाडे कायद्याखालचे. बहादूर सिंग विरुद्ध मुनी सुब्रत दास या खटल्यात लवादाच्या निवाड्यावरून बेदखलीचा हुकूमनामा झाला होता. कायद्यातलं कारण कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून तो शून्य ठरला. कौशल्या देवी विरुद्ध के. एल. बन्सल या खटल्यात न्यायाधीशांनी वकिलांची निवेदनं आणि लेखी तडजोड पाहून हुकूमनामा केला, आणि तोही शून्य ठरला. 1970 च्या फिरोजी लाल जैन विरुद्ध मान मल या खटल्यात कारण पोटभाडेकरू ठेवल्याचं होतं. भाडेकरूने ते नाकारलं होतं, मग तडजोड झाली. पण पोटभाडेकरू ठेवला होता अशी कबुली तडजोडीत नव्हती आणि कोर्टानेही तो मुद्दा तपासला नव्हता. तो हुकूमनामाही टिकला नाही.

हे तीन निकाल एवढेच वाचले तर वाटेल की भाडे कायद्याखाली तडजोडीचा हुकूमनामा होऊच शकत नाही. बऱ्याच वकिलांनी तेव्हा तसंच वाचलं. 1973 मध्येच के. के. चारी विरुद्ध आर. एम. शेषाद्री या मद्रासच्या खटल्यात ही समजूत हलली. तिथे घरमालकाने स्वतःच्या राहण्यासाठी जागा मागितली होती. त्याची साक्ष झाली, कागदपत्रांवर पुराव्याच्या निशाण्या पडल्या आणि त्यानंतर भाडेकरूने आपला बचाव मागे घेऊन तडजोड केली. हुकूम मात्र त्रोटकच होता: तडजोड नोंदवली, संमतीने बेदखल. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हुकुमात ‘माझी खात्री पटली’ असे शब्द नाहीत म्हणून बिघडत नाही. खात्री पटावी असा पुरावा समोर होता आणि भाडेकरूने आपला विरोध सोडला होता. हुकूमनामा वैध ठरला.

चारी प्रकरणात निदान साक्ष तरी झाली होती. नगीनदासच्या बाबतीत आधार शोधायचा होता तो तडजोडीच्या मजकुरातच. त्यामुळे हा निकाल एक पाऊल पुढचा आहे.

न्यायमूर्ती सरकारिया यांनी आधीच्या सगळ्या निकालांमधून एक सूत्र काढलं. हुकूमनामा होताना कोर्टासमोर असं काही साहित्य असलं पाहिजे, ज्यावरून कायद्यातलं कारण असल्याची प्रथमदर्शनी खात्री पटू शकेल. तसं साहित्य असेल तर कोर्टाची खात्री पटली होती असं गृहीत धरलं जाईल, मग हुकूमनामा वरवर तडजोडीवर बेतलेला का दिसेना. हे साहित्य म्हणजे नोंदवलेला पुरावा असू शकतो, किंवा तडजोडीतच दिलेली उघड वा सूचित कबुली असू शकते. पुढे त्यांनी कबुलीबद्दल जे लिहिलं ते आज भाडे कायद्याच्या बाहेरही उद्धृत होतं: खरी आणि स्पष्ट कबुली हा कबूल केलेल्या गोष्टीचा सर्वांत चांगला पुरावा असतो. दाव्यातल्या लेखी निवेदनांत दिलेली कबुली तर साक्षीतल्या कबुलीपेक्षाही वरच्या दर्जाची असते. ती देणाऱ्याला बांधून ठेवते आणि वेगळ्या पुराव्याची गरज ठेवत नाही. त्या वेळच्या पुरावा कायद्याचं कलम 58 यामागे होतं. आता तेच तत्त्व भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 53 मध्ये आहे.

मग नगीनदासच्या तडजोडीत अशी कबुली होती का? होती, आणि ती थकबाकीची होती. तडजोडीत आणि तिच्यावरून झालेल्या हुकूमनाम्यात थकबाकीच्या अशा मूलभूत गोष्टी कबूल केलेल्या होत्या, की त्यावरून जुन्या कायद्याच्या कलम 12(3)(अ) मधलं बेदखलीचं कारण उभं राहत होतं. महिन्याच्या भाड्याची जागा, प्रमाणभाड्याबद्दल (कायद्याप्रमाणे ठरणाऱ्या भाड्याबद्दल) वाद नाही, सहा महिने किंवा जास्त भाडं थकलेलं आणि नोटिशीनंतर महिन्याभरातही भरलेलं नाही, अशी ती तरतूद. न्यायालयाला एवढं पुरेसं वाटलं. हुकूमनाम्याच्या तोंडावरच असं साहित्य दिसत असेल तर दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला त्याच्या मागे जाऊन खोदकाम करता येत नाही, असंही स्पष्ट झालं. भाडेकरूचं अपील फेटाळलं गेलं.

हा निकाल वाचताना मला नेहमी एका गोष्टीची गंमत वाटते. थकबाकीचं ते कलम लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा हुकूमनाम्याची वैधता असेल असं मला तरी वाटत नाही. बहुधा पैसे वसूल व्हावेत एवढाच हेतू असावा. तडजोडीत फक्त ‘अमुक तारखेला कब्जा देईन’ एवढंच असतं आणि थकबाकी रोख भागवून कागदाबाहेर ठेवली असती, तर हा खटला दिल्लीच्या त्या तिन्हींच्या रांगेत जाऊन बसू शकला असता.

निकालाचा शेवट मला पटतो. मुदत उपभोगून मग तडजोड शून्य म्हणणाऱ्याला कोर्टाने साथ देऊ नये हे ठीकच. पण ‘सूचित कबुली’ या शब्दांबद्दल माझी कुरकुर आहे. ही कल्पना फार ताणली तर कब्जा द्यायला तयार होणारा प्रत्येक भाडेकरू कारण कबूल करतो असंच म्हणावं लागेल. मग फिरोजी लालचा निकाल उलटा लागायला हवा होता, कारण तिथेही भाडेकरू जागा द्यायला कबूल झालाच होता. म्हणजे सीमारेषा आहे ती इथे: तडजोड, लेखी निवेदनं किंवा पुरावा यांपैकी कुठेतरी कारणाशी जोडलेली एखादी ठोस गोष्ट भाडेकरूने मान्य केलेली दिसली पाहिजे. नुसता कब्जा देण्याचा होकार त्यात मोजायचा नाही. नगीनदासमध्ये अशी ठोस गोष्ट होती, म्हणून ‘सूचित’वर भार द्यावा लागला नाही. नंतरच्या काही कोर्टांनी मात्र तो शब्द सोयीने वापरला आहे, असं मला वाटतं.

1975 मध्ये मध्य प्रदेशच्या रोशन लाल विरुद्ध मदन लाल या खटल्यात हीच गोष्ट दुसऱ्या दिशेने मांडली गेली. तडजोड भाडे कायद्याच्या विरुद्ध जात असेल तर ती कायदेशीर करार ठरत नाही आणि कोर्टाने ती नोंदवूच नये. पण तडजोडीच्या अटी, गरज पडल्यास दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) आणि इतर कागदांसह वाचून, ती कायद्यात बसते असं दिसलं तर इतर दाव्यांप्रमाणेच ती नोंदवून हुकूमनामा करणं कोर्टाला भागच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23 नियम 3 मध्येही ‘कायदेशीर’ हीच अट आहे, आणि 1976 च्या दुरुस्तीनंतर तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची असणंही आवश्यक झालं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर 2018 चा अलगू फार्मसी विरुद्ध एन. मगुदेश्वरी हा तामिळनाडूचा निकाल पाहावा. तिथेही तडजोडीवरून बेदखलीचा आदेश झाला होता. न्यायमूर्ती उदय लळित यांच्या निकालाने आधीची सगळी परंपरा पुन्हा तपासली आणि भाडेकरूंचं म्हणणं मान्य केलं. तडजोडीत कायद्यातल्या कारणाची कबुली दिसत नव्हती. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनीही लोक तोच कागद तसाच लिहीत होते.

आता आपल्याकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये थकबाकीचं कारण कलम 15 मध्ये आणि बाकीची कलम 16 मध्ये आहेत. कलम 16 ची भाषाही ‘न्यायालयाची खात्री पटली तर’ अशीच आहे, त्यामुळे नगीनदासचं सूत्र इथे जसंच्या तसं लागू पडतं. फरक तपशिलात आहे, आणि तडजोड तपशिलातच अडकते.

तालुक्याच्या कोर्टात दाखल होणारी तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, साधारण अशी असते: ‘वादी व प्रतिवादी यांचेत आपसांत तडजोड झाली असून प्रतिवादी हे दावा मिळकतीचा खुला व शांततामय कब्जा अमुक तारखेपावेतो वादीस देतील. सबब तडजोडीप्रमाणे हुकूमनामा व्हावा.’ मुंबईतल्या इंग्रजी कन्सेंट टर्म्सही याहून फार वेगळ्या नसतात. यात कारणाचा मागमूस नाही. कैफियतीत भाडेकरूने सगळं नाकारलेलं असेल आणि साक्ष झाली नसेल, तर हा हुकूमनामा पायाशिवाय उभा आहे.

थकबाकीचा दावा असेल तर मजकूर असा हवा: ‘वादीची नोटीस प्रतिवादीस मिळाली. नोटिशीच्या तारखेस अमुक महिन्यांचे भाडे थकीत होते. नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवसांत प्रतिवादीने ते भरले नाही, तसेच समन्स बजावल्यानंतर कलम 15(3) प्रमाणे रक्कमही न्यायालयात जमा केली नाही, हे प्रतिवादीस कबूल आहे.’ शेवटचा भाग मुद्दाम घातला आहे. नव्या कायद्यात समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के व्याजासह भरली आणि पुढचं भाडंही नियमित भरत राहिलं तर हुकूमनामा होत नाही. तेव्हा नुसतं ‘भाडं थकलं होतं’ एवढी कबुली अर्धीच ठरते.

स्वतःच्या गरजेचं कारण असेल तर आणखी एक पायरी आहे आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. कलम 16(2) म्हणतं की हुकूमनामा केल्याने जास्त अडचण कोणाची होईल ते कोर्टाने पाहिलं पाहिजे, आणि जागेच्या काही भागापुरता हुकूमनामा पुरेल का हेही. घरमालकाची गरज कबूल करून भागत नाही. ‘प्रतिवादीची अन्यत्र जागेची सोय झाली आहे, हुकूमनाम्यामुळे त्यास वादीपेक्षा अधिक अडचण होणार नाही, आणि जागेचे विभाजन करून उभयतांची गरज भागणार नाही’ एवढी दोन-तीन वाक्यं लिहायला पाच मिनिटं लागतात. अर्थात ती खरी असली पाहिजेत. भाडेकरूच्या वकिलानेही ती डोळे मिटून मान्य करू नयेत, कारण पुढे त्याच वाक्यांवर त्याचा माणूस बांधला जाणार आहे.

मुदतीच्या काळात भाडेकरू देणार असलेल्या रकमेला ‘भाडे’ म्हणण्यापेक्षा ‘वापरापोटी नुकसानभरपाई’ म्हणावं, नाहीतर नवी भाडेदारी निर्माण झाली असा दुसरा वाद उभा राहतो. कब्जा देण्याबद्दल कोर्टाला हमीपत्र दिलेलं असेल तर ते मोडल्यास अवमानाची कारवाईही मागता येते. नुसत्या आपसातल्या करारावर तो मार्ग सहसा खुला नसतो. मूळ भाडेकरू वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्याव्यात. एका भावाने केलेली तडजोड दुसरा भाऊ कशी मानणार, हा वाद ओढवून घेण्याचं कारण नाही.

लोकअदालतीबद्दल वेगळं बोलायला हवं. तिथे एका दिवसात ढीगभर प्रकरणं निकाली निघतात, छापील नमुना भरला जातो, ‘तडजोडीने मिटले’ एवढाच शेरा पडतो. लोकअदालतीचा निवाडा 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. पण बहादूर सिंगच्या खटल्यातही कागदावर निवाडाच होता हे लक्षात ठेवावं. भाडेकरूची कबुली त्या छापील नमुन्यात मावत नसेल तर मागे कोरा कागद जोडून लिहावी.

प्रत्येक जागेला हे लागू नाही हेही सांगितलं पाहिजे. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे कलम 16 मधली कारणं लागत नाहीत, मुदत संपणं हेच कारण. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना कलम 3 मुळे या कायद्याचं संरक्षणच नाही. संरक्षण नसेल तर कारणाची खात्रीही नको आणि तडजोडीवरची ही सगळी काळजीही नको. म्हणून दरखास्तीत अशी हरकत आली की पहिला प्रश्न विचारावा, या जागेला भाडे नियंत्रण कायदा लागू तरी आहे का? बऱ्याच हरकती इथेच संपतात.

लागू असेल, तर दरखास्त चालवणाऱ्या न्यायाधीशाने मूळ दाव्याची फाइल मागवून तीन कागद पाहावेत: दावा, कैफियत आणि तडजोड. साक्ष झाली असेल तर तीही. त्यांपैकी कुठेही भाडेकरूने कारणाला धरून काही मान्य केलेलं दिसलं की हरकत फेटाळावी. काहीच दिसलं नाही तर घरमालकाला नव्याने दावा लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही, मग मधली पाच वर्षं गेली तरी. ही वेळ टाळायची तर तडजोड नोंदवण्याच्या दिवशीच न्यायाधीशांकडून हुकुमात एक वाक्य मागून घ्यावं: ‘उभय पक्षांचे निवेदन व तडजोडीतील कबुली पाहता कलम 15 खालील कारण सिद्ध झाल्याबद्दल न्यायालयाची खात्री झाली आहे.’ बहुतेक न्यायाधीश ते आनंदाने लिहितात, फक्त कोणीतरी उठून मागावं लागतं.